विश्लेषण : पियानोची हातोडी अर्ध्यावर कोणी थांबवली? सेबास्तियां एरार यांनी वाद्याच्या पोटात काय बदलले?

सावंतवाडीच्या पंचक्रोशीत पेटी ठाऊक नाही असे घर विरळा. भजनाची डबलबारी असो की दशावताराची रात्र, पेटीवरची बोटे एकच सूर झरझर चार-चार वेळा वाजवतात आणि त्यात कोणाला नवल वाटत नाही. पियानोवर मात्र हीच साधी गोष्ट, म्हणजे एकच पट्टी पटापट पुन्हा वाजवणे, जवळपास सव्वाशे वर्षे अडलेली होती. ती अडचण १८२१ साली सुटली. ती सोडवणारे सेबास्तियां एरार तेव्हा ६९ वर्षांचे होते. त्यांनी वाद्याचा आकार, पट्ट्यांची मांडणी किंवा तारांची संख्या यांतले काहीही बदलले नाही. बदलली ती पट्टी आणि हातोडी यांच्या मधल्या तुकड्यांची जुळवणी. आजच्या प्रत्येक ग्रँड पियानोच्या पोटात तीच जुळवणी आहे. ती काय आहे, आणि तिच्यापर्यंत पोहोचायला एका कारागिराला आयुष्य का घालवावे लागले, हे समजून घेऊ.

पेटी आणि पियानो यांच्या पोटात फरक काय?

पेटीत पट्टी दाबली की खालचे भोक उघडते, भात्यातली हवा सुरातून, म्हणजे पितळी पातीतून, जाते आणि आवाज येतो. पट्टी दाबून धरली तर सूर चालू राहतो, सोडली की थांबतो. पट्टी म्हणजे एक झडप.

पियानोत पट्टी दाबली की आत हातोडी उडते आणि तारेवर आपटते. फेल्ट म्हणजे दाबलेल्या लोकरीचे जाड अस्तर असलेली ही हातोडी क्षणभर तारेला लागते आणि लगेच मागे येते. ती मागे आली नाही तर? तार हातोडीखाली दबून राहील आणि टणत्कार होण्याऐवजी नुसता ठोका ऐकू येईल. म्हणजे पियानोला दोन परस्परविरोधी गोष्टी एकदम हव्या असतात. बोटाचा जोर हातोडीपर्यंत पोहोचायला हवा आणि शेवटच्या क्षणी बोटाचा व हातोडीचा संबंध तुटायलाही हवा.

कॅरमचा स्ट्रायकर आठवा. बोट त्याला ढकलते; पण तो सोंगटीवर आदळतो तेव्हा बोट मागेच राहिलेले असते. पियानोची हातोडी तशीच, शेवटचे थोडे अंतर एकटी जाते. हे सुटणे घडवून आणणाऱ्या रचनेला आपण ‘सुटका’ म्हणू. फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या पदरी असलेले वाद्यनिर्माते बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी १७००च्या सुमारास पहिला पियानो बनवला, तेव्हा त्यांनी ही सुटका साधली होती. त्यांचा १७२० सालचा एक पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आजही आहे.

मग अडचण कोणती होती?

हातोडीला ढकलणारा एक उभा दांडा असतो. त्याला जॅक म्हणतात. हातोडी तारेजवळ आली की जॅक तिच्याखालून बाजूला सरकतो आणि हातोडी मोकळी होते. इथवर ठीक. पण तीच तार पुन्हा वाजवायची तर जॅकला परत हातोडीखाली यावे लागते. जुन्या रचनेत त्यासाठी हातोडी पार तळाला आणि पट्टी पूर्ण वर यावी लागे. त्याआधी बोट पुन्हा दाबले तर पट्टी खाली जायची, पण आवाज निघायचा नाही. सूर गळायचा.

वाद्य लहान आणि हातोड्या हलक्या होत्या तोवर हे खपून गेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस मैफली राजवाड्यांच्या दालनांतून मोठ्या सभागृहांत आल्या. आवाज मोठा हवा म्हणून तारा जाड झाल्या. जाड तारांसाठी हातोड्या जड झाल्या आणि जड हातोडी तळाला जाऊन परत यायला जास्त वेळ लागू लागला. त्या काळी दोन घराणी होती. व्हिएन्नाचे पियानो हलक्या हाताने वाजत, पण आवाज नाजूक. लंडनचे पियानो आवाजाला भरदार, पण पट्ट्या जड आणि मंद. एकाची चपळता आणि दुसऱ्याचा आवाज एकाच वाद्यात कसा आणायचा, हा त्या काळातल्या कारागिरांपुढचा खरा प्रश्न होता.

सेबास्तियां एरार कोण होते?

एरार यांचा जन्म ५ एप्रिल १७५२ रोजी स्ट्रासबूर्ग येथे झाला. हे शहर फ्रान्सच्या पूर्व सीमेवरचे. भाषेने आणि कारागिरीच्या परंपरेने अर्धे जर्मन. वडील फर्निचर घडवीत. रंधा, पटाशी आणि सरस यांच्या सहवासात मुलगा वाढला आणि त्याने रेखाटन व भूमितीचेही शिक्षण घेतले. पुढे त्यांच्या कामात दिसणारी दोन वैशिष्ट्ये इथूनच आलेली दिसतात. लाकूड कसे वागते याची हाताला असलेली जाण, आणि घडवण्याआधी कागदावर मोजून मांडण्याची सवय. तेराव्या वर्षी तो स्ट्रासबूर्गच्या उंच कॅथेड्रलच्या कळसावर चढून बसला, अशी एक आख्यायिका जुने चरित्रकार सांगतात.

सोळाव्या वर्षाच्या आसपास तो पॅरिसला आला आणि हार्पसिकॉर्ड बनवणाऱ्या एका कारागिराकडे कामाला लागला. हार्पसिकॉर्ड हे पियानोच्या आधीचे पट्टीवाद्य. त्यात तार ठोकली जात नाही, छेडली जाते. तिथे हा पोरगा प्रत्येक गोष्ट अशीच का करायची, असे विचारून मालकाला भंडावून सोडी आणि त्यापायीच त्याची नोकरी गेली, असे सांगितले जाते. कारखान्यांमधून पिढ्यानपिढ्या चालत आलेले माप हेच शास्त्र मानले जाई, त्या काळातली ही गोष्ट आहे.

पुढे त्यांच्या यांत्रिक कसबाची चर्चा सरदार-दरकदारांच्या कानावर गेली. व्हिलरुआच्या डचेसने त्यांना आपल्या वाड्यातच कारखान्यासाठी जागा दिली. १७७७च्या सुमारास त्यांनी आपला पहिला पियानो तिथेच बनवला, असे मानले जाते. तोवर पॅरिसमध्ये पियानो येत ते बहुतेक लंडनहून. थोरला भाऊ ज्याँ-बाप्तिस्त येऊन मिळाला आणि ‘एरार बंधू’ ही पेढी उभी राहिली.

पंखे बनवणाऱ्यांनी तक्रार का केली?

धंदा वाढला तसे वैरीही वाढले. जुन्या पॅरिसमध्ये प्रत्येक व्यवसायाचा एक संघ असे आणि त्या संघाचा सभासद नसलेल्याला ते काम करता येत नसे. गंमत अशी, की वाद्य बनवणारे ज्या संघात मोडत तो संघ हातपंखे बनवणाऱ्यांचा होता. एरार त्याचे सभासद नव्हते. त्यांचा कारखाना बंद करावा अशी मागणी झाली. प्रकरण राजापर्यंत गेले आणि सोळाव्या लुईने १७८५ मध्ये एरार यांना संघाबाहेर राहून पियानो बनवण्याचा परवाना दिला.

राणी मारी आंत्वानेतसाठी त्यांनी केलेला पियानो आपल्याकडच्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. राणीला गाण्याची हौस होती, पण गळ्याचा पल्ला फार मोठा नव्हता. गाणे तिच्या पट्टीत आणायचे तर वादकाला दरवेळी बोटे बदलावी लागत. एरार यांनी पट्ट्यांचा अख्खा संच डावी-उजवीकडे सरकेल अशी सोय केली. वादकाने बोटे तीच ठेवायची, सूर मात्र वर किंवा खाली सरकतो. आपल्याकडे ‘स्केल चेंजर’ पेटी असते, तिचे तत्त्व हेच.

एरार यांच्या डोक्याची चाल इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते. वाजवणाऱ्याला काही नवे शिकवायचे नाही; जे बदलायचे ते आत बदलायचे.

क्रांतीने काय केले?

१७८९ साली फ्रेंच राज्यक्रांती झाली. राजाचा परवाना आणि राणीची मर्जी ही कालपर्यंतची ढाल आता गळ्याचा फास ठरण्याची भीती होती. एरार यांनी १७९२च्या सुमारास लंडनला आसरा घेतला आणि ग्रेट मार्लबरो स्ट्रीटवर कारखाना काढला. पॅरिसची पेढी भावाने सांभाळली.

लंडनमध्ये त्यांचे नाव झाले ते पियानोमुळे नव्हे, हार्पमुळे. हार्पला पायाने दाबायची पेडल असतात. पेडल दाबले की आतल्या सळयांमधून हालचाल वरच्या कमानीपर्यंत जाते आणि तार किंचित आखूड होऊन सूर अर्ध्याने चढतो. जुन्या हार्पमध्ये हे काम आकड्यांनी होई. आकडा तार ओढून घेई, तेव्हा ती आपल्या रेषेतून हले आणि कधी बेसूर होई, कधी तुटे. एरार यांनी आकड्याच्या जागी दोन खुंट्या असलेली फिरती चकती बसवली. चकती फिरली की दोन्ही खुंट्या तारेला दोन बाजूंनी धरतात आणि तार आपली रेषा सोडत नाही. १७९४ मध्ये त्यांनी याचे पेटंट घेतले.

पुढे १८१० मध्ये त्यांनी एकाच तारेसाठी अशा दोन चकत्या बसवल्या. पेडल एक टप्पा दाबले तर सूर अर्ध्याने चढतो, दुसरा टप्पा दाबले तर आणखी अर्ध्याने. सात पेडलच्या जोरावर हार्पवर कोणतीही पट्टी वाजवणे शक्य झाले. पहिल्या वर्षातच पंचवीस हजार पौंडांच्या हार्प विकल्या गेल्या, असे म्हटले जाते. आजच्या वाद्यवृंदातली हार्प याच दुहेरी रचनेवर चालते.

पियानोच्या गोष्टीत हार्पला इतकी जागा देण्याचे कारण आहे. एका हालचालीत दोन टप्पे बसवणे, आणि पहिल्या टप्प्यावर यंत्रणा नेमकी थांबवणे, ही कल्पना एरार यांच्या हातात हार्पमधून मुरली. अकरा वर्षांनी पियानोत त्यांनी जे केले, त्याची बीजे यात शोधता येतात.

बेथोव्हेनच्या घरी काय घडले?

क्रांतीचा भर ओसरल्यावर १७९६ मध्ये एरार पॅरिसला परतले आणि इंग्लिश धाटणीचे ग्रँड पियानो बनवू लागले. त्यांचा एक पियानो १८०१ मध्ये हायडन यांना मिळाला. १८०३ मध्ये दुसरा व्हिएन्नाला बेथोव्हेन यांच्याकडे पोहोचला. साडेपाच सप्तकांचा, चार पेडलचा हा पियानो आता ऑस्ट्रियातल्या लिन्झच्या संग्रहालयात आहे.

बेथोव्हेन यांना त्याचा आवाज आवडला असावा. पण हात व्हिएन्नाच्या हलक्या पट्ट्यांना सरावलेले. हा पियानो त्यांना जड गेला. त्यांनी व्हिएन्नातल्या कारागिरांकडून त्याच्या आतल्या यंत्रणेत बदल करून घेतले, पट्ट्या हलक्या करून पाहिल्या. तरी पुरते समाधान झाले नाही. युरोपातला सर्वांत मोठा संगीतकार आणि पॅरिसचा सर्वांत हुशार कारागीर यांच्यामध्ये ही जड हातोडी उभी होती. आवाज हवा तर चपळता सोडा, चपळता हवी तर आवाज सोडा, हा तिढा यापेक्षा ठळकपणे मांडता आला नसता.

एरार यांचे प्रयोग चालूच होते. १८०८ मध्ये त्यांनी तारांसाठी एक छोटा पितळी भाग आणला. भोके असलेली ही खुंटी स्क्रूने बसवायची आणि तार तिच्या भोकातून ओवायची. हातोडी खालून ठोकते तेव्हा तार वर उचलली जाऊ नये यासाठी ही सोय. आजच्या ग्रँड पियानोत ती दिसते. त्याच सुमारास त्यांनी पट्टी लवकर पुन्हा वाजावी यासाठी एक रचना करून पाहिली. ती पुरेशी ठरली नाही.

धंद्याची स्थिती मात्र बिकट होत गेली. नेपोलियनच्या युद्धांनी बाजार बसला, लंडन आणि पॅरिस यांच्यातला व्यवहार तुटला. १८१३ मध्ये पॅरिसच्या पेढीने दिवाळे काढले. एरार तेव्हा साठी ओलांडून गेले होते. लंडनच्या हार्पच्या उत्पन्नावर पेढी पुन्हा उभी करायला पुढची कित्येक वर्षे गेली.

१८२१ साली नेमके काय बदलले?

लहान मूल हाताने चेंडू जमिनीवर टप्पे देत मारते, ते पाहा. हात खांद्याइतका उंच असेल तर चेंडू तिथवर येण्याची वाट पाहावी लागते. हात जमिनीजवळ ठेवला तर चेंडू भराभर टप्पे घेतो. एरार यांची कल्पना याच जातीची आहे. हातोडीला तळाला जाऊच द्यायचे नाही. तारेपासून थोड्या अंतरावर तिला झेलायचे आणि तिथूनच पुन्हा मारायचे.

त्यासाठी त्यांनी जॅकच्या जोडीला आणखी एक तरफ दिली. स्प्रिंगवर तोललेली ही तरफ हातोडीच्या दांड्याला खालून आधार देते. तिच्या मधोमध खाच असते आणि त्या खाचेतून जॅकचे टोक वर डोकावते. आजच्या पियानोत कामाचा क्रम असा असतो.

१) बोट पट्टी दाबते. पट्टीचे मागचे टोक वर जाते आणि त्यावर उभा असलेला सांगाडा, जॅक आणि तरफ यांच्यासह वर उचलला जातो.

२) जॅक हातोडीच्या दांड्याखालच्या कातडी गुंडाळीला ढकलतो. हातोडी तारेच्या दिशेने निघते.

३) हातोडी तारेपासून दीड-दोन मिलिमीटरवर असताना जॅकची शेपटी एका बटणाला अडते आणि जॅक बाजूला झुकतो. त्याच सुमारास स्प्रिंगची तरफही एका स्क्रूला अडून थांबते. दोन्ही आधार सुटले, म्हणून ही ‘दुहेरी सुटका’. हातोडी उरलेले अंतर एकटी जाते आणि तारेवर आपटते.

४) परत येणारी हातोडी पट्टीच्या मागच्या टोकावर बसवलेल्या एका गादीदार टेकूला अडकते. ती तळाला न जाता तारेपासून सुमारे दीड सेंटिमीटरवर थबकते. येताना तिने स्प्रिंगची तरफ दाबून धरलेली असते.

५) बोट किंचित सैल केले की टेकू हातोडीला सोडतो. दबलेली स्प्रिंग तरफेला वर रेटते, तरफ हातोडीला तोलून धरते आणि तेवढ्यात जॅक हळूच आपल्या जागी, गुंडाळीखाली, परत येतो.

६) बोट पुन्हा दाबले की हातोडी अर्ध्या वाटेवरूनच उडते. पट्टी पूर्ण वर येण्याची गरज उरत नाही.

हे सगळे सेकंदाच्या छोट्याशा अंशात घडते आणि वाजवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. त्याला इतकेच कळते, की सूर गळत नाही.

डिसेंबर १८२१ मध्ये लंडनला या रचनेचे पेटंट घेण्यात आले. ते पुतण्याच्या, पिएर एरार यांच्या नावावर होते.

खरी परीक्षा जुळवणीची का?

तुकडे शोधणे हा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे ते एकमेकांशी जुळवणे. आजच्या ग्रँड पियानोत ८८ पट्ट्या असतात, म्हणजे ही सारी रचना ८८ वेळा. पट्टी सुमारे १० मिलिमीटर खाली जाते आणि तेवढ्यात हातोडीला साडेचार सेंटिमीटरच्या आसपास अंतर कापायचे असते. बटण थोडे वर बसले तर जॅक उशिरा सुटतो आणि हातोडी तारेवर रेंगाळते. खाली बसले तर लवकर सुटतो आणि आवाज पडतो. स्प्रिंग ताठ असेल तर हातोडी हिसका देऊन उडते, ढिली असेल तर जॅकला परत यायला जागा मिळत नाही. या सगळ्याची मापे पहिल्या पट्टीपासून अठ्ठ्याऐंशीव्यापर्यंत सारखी नसतील, तर वाजवणाऱ्याला प्रत्येक बोटाखाली वेगळे वाद्य असल्यासारखे वाटते.

म्हणूनच यंत्रणेत जागोजागी फिरवता येणारे स्क्रू असतात. लाकूड फुगते-आकसते, फेल्ट दबते, कातडे झिजते, हे गृहीत धरून पुढे दुरुस्त करण्याची सोय रचनेतच ठेवायची असते. सावंतवाडीच्या चितारअळीत लाकडी खेळणी घडवणाऱ्याला हे सांगावे लागणार नाही. पांगाऱ्याचा ओंडका नीट वाळला नाही, तर कातून, रंगवून, लाख चढवून झाल्यावरही फळ तडकते. पियानोत तर असे हजारो तुकडे एकमेकांवर अवलंबून असतात.

कोकणात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. पावसाचे चार महिने हवेत ओल मुरलेली असते. पेटीच्या पट्ट्या अडकायला लागतात, भात्याला बुरशी धरते. पियानोत सांध्यांच्या बारीक पिनांभोवतीचे कापड ओलीने फुगते, सांधा जड होतो आणि सगळ्यात आधी बिघडते ती हीच पुन्हा वाजण्याची क्रिया. हातोडी वर जाते, पण वेळेत मागे येत नाही. बांद्याच्या पुढे गोव्यातल्या जुन्या घरांमध्ये पियानो सांभाळणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. शिवाय लोकरीच्या फेल्टवर कसर लागते ती वेगळीच. वाद्य जितके कुशल, तितकी त्याची देखभाल मोठी, ही एरार यांच्या शोधाची दुसरी बाजू आहे.

फायदा कोणाला झाला?

एरार यांना स्वतःला फार थोडा. रचना नाजूक, बनवायला महाग आणि कारागिरांना शिकवायला अवघड होती. १८३५ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंटची मुदत संपत आली, तेव्हा त्यातून खर्चही निघालेला नाही या कारणावर पिएर यांना मुदतवाढ मिळाली.

वादकांना मात्र नवे दार उघडले. १८२३च्या अखेरीस बारा वर्षांचा फ्रान्झ लिस्ट हंगेरीकडून वडिलांसोबत पॅरिसला आला. एरार कुटुंबाने त्याला आपलेसे केले. नव्या यंत्रणेचा पियानो या मुलाच्या हाताखाली १८२४ मध्ये पॅरिस आणि लंडनच्या श्रोत्यांपुढे आला. शोध किती मोठा आहे हे लोकांना पेटंटच्या कागदाने नव्हे, त्या मुलाच्या बोटांनी पटवले. पुढे लिस्ट यांनी पियानोसाठी जे संगीत लिहिले, त्यातल्या एकाच सुराच्या झपाट्याने होणाऱ्या आवर्तनांना जुना पियानो पुरा पडला नसता. शतकानंतरही फ्रेंच संगीतकार मॉरिस रॅव्हेल यांच्या घरी एरारचाच पियानो होता.

१८२६ मध्ये भाऊ ज्याँ-बाप्तिस्त गेले. सेबास्तियां अखेरची वर्षे पॅरिसजवळच्या ला म्युएत या वाड्यात राहिले. वयाच्या पंचाहत्तरीनंतरही राजवाड्यासाठी एका ऑर्गनचे काम त्यांनी हाती घेतले होते. ५ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या रचनेला सर्वांच्या आवाक्यात आणले ते दुसऱ्याने. पियानोवादक आणि उत्पादक आंरी हेर्झ यांनी १८४०च्या सुमारास तीतले काही भाग सोपे केले. स्प्रिंगची आणि तरफेची मांडणी सुटसुटीत झाली, जुळवणी सोपी झाली. आज जगभर वापरली जाते ती एरार यांची कल्पना आणि हेर्झ यांची सुधारणा. १८५१ मध्ये लंडनच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात एरार पेढीला सर्वोच्च पदक मिळाले, तेव्हा सेबास्तियां यांना जाऊन वीस वर्षे झाली होती.

सगळ्यांनाच ही यंत्रणा आवडली का?

नाही. पॅरिसमध्येच प्लेयेल ही प्रतिस्पर्धी पेढी होती आणि फ्रेडरिक शोपँ तिचे चाहते होते. प्लेयेलची यंत्रणा साधी होती. त्यामुळे बोटाचा सूक्ष्म फरक थेट सुरात उतरतो असे त्यांना वाटे. एरारच्या पियानोवर चांगला आवाज जणू तयारच मिळतो, म्हणून तब्येत ठीक नसताना ते एरार पसंत करत आणि अंगात उत्साह असेल तेव्हा प्लेयेल, असे त्यांच्याबद्दल सांगितले जाते. सोय वाढली की हाताचा वाटा घटतो का, हा वाद तेव्हापासूनचा आहे. व्हिएन्नाच्या कारागिरांनीही आपली हलकी यंत्रणा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत सोडली नाही. पण सभागृहे मोठी होत गेली आणि निकाल एरार यांच्या बाजूने लागला.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

पेटीही त्याच पॅरिसची. आलेक्सांद्र दबॅं यांनी १८४०च्या आसपास तिथे हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते पायाने भाता मारायचे वाद्य भारतात आले. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला मांडी घालून, एका हाताने भाता मारत वाजवण्याजोगे रूप दिले. दशावतारातली पायपेटी त्या जुन्या रूपाची आठवण अजून जागी ठेवून आहे.

पेटीचे पोट बदलण्याचा मोठा प्रयत्न मराठी मुलखातही झाला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. पेटीतल्या बारा सुरांत हिंदुस्थानी संगीत मावत नाही, हे त्यांचे म्हणणे. सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांच्या साथीने श्रुती दाखवणारी हार्मोनियम लंडनमध्ये बनवून घेण्यात आली. १९१६ मध्ये बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती पुढे आली. जाणकारांचे एकमत झाले नाही आणि ती पेटी रुळली नाही.

दोन्ही प्रयत्न शेजारी ठेवले की एक गोष्ट ध्यानात येते. श्रुती-पेटीने वाजवणाऱ्याकडून नवे ज्ञान, नवी बोटे आणि सुरांबद्दलची एक विशिष्ट भूमिका मागितली. एरार यांच्या यंत्रणेने वाजवणाऱ्याकडे काहीच मागितले नाही. पट्ट्या तशाच, बोटे तशीच. पहिल्याचा प्रश्न संगीताचा होता, दुसऱ्याचा यंत्राचा, त्यामुळे तुलना ओढून-ताणून करू नये. तरी एखादी सुधारणा टिकते कधी, याचा अंदाज त्यातून येतो. जी आतला गुंता स्वतः उचलते आणि बाहेरच्या हाताला मोकळे ठेवते, ती सहज रुळते.

आज एरार यांचे काय उरले आहे?

एरार पेढी १९६० मध्ये गावो या पियानो कंपनीत विलीन झाली. त्यांचे जुने पियानो संग्रहालयांत आणि हौशी संग्राहकांकडे आहेत. पेढी संपली, पण यंत्रणा सर्वत्र आहे. ग्रँड पियानो कोणत्याही देशातला, कोणत्याही कंपनीचा असो, त्याच्या पट्टीमागे दुहेरी सुटकाच काम करते. उभ्या पियानोत हातोड्या आडव्या हालतात, त्यामुळे तिथे ही रचना बसत नाही. म्हणूनच मैफलीचा वादक आजही ग्रँडच मागतो.

ती हाताला जाणवतेही. ग्रँड पियानोसमोर बसण्याची संधी मिळाली तर एक पट्टी अगदी हळू, आवाज न करता दाबून पाहा. तळाला पोहोचण्याच्या किंचित आधी बोटाखाली एक बारीकसा अडथळा लागतो आणि मग पट्टी सुटून खाली बसते. जॅक आणि तरफ हातोडीला सोडतात तो हा क्षण. आता अनेक डिजिटल पियानोंच्या पट्ट्यांमध्ये हा अडथळा मुद्दाम तयार केलेला असतो. त्यांच्या आत तार नसते आणि आवाज स्पीकरमधून येतो. पण बोटांना दोनशे वर्षांची सवय झाली आहे, म्हणून एरार यांची ती खूण कारखाने अजून बसवतात.